डोंगराच्या मातीचा गणपती

ज्वालामुखीचा अभ्यास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाव्हाच येतो. मला वॉशिंग्टन राज्यात नोकरी लागली तेव्हा आईने साताऱ्याहून फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "अगं, अंगावर उडलं तर?" मी चिडून म्हटलं, आई, इथे लाव्हाची भीती नाही. तो गावापर्यंत पोचेस्तोवर माणूस जेवून, भांडी घासून निवांत निघू शकतो. इथे भीती चिखलाची आहे. त्यावर ती म्हणाली, "चिखलाला काय घाबरायचं?" पुढची काही वर्षं मी पगार घेऊन लोकांना तेच समजावत होते.

डोंगराचं नाव मी इथे घेत नाही. तिथले लोकही फारसं घेत नाहीत, नुसतं 'माउंटन' म्हणतात. आठवडेच्या आठवडे ढगात असतो, आणि एखाद्या सकाळी आभाळ उघडलं की दुकानातली बाईसुद्धा पैसे परत देता देता सांगते, आज डोंगर बाहेर आलाय. अंगावर बारमाही बर्फ, दिसायला शांत, आतून जिवंत. त्या बर्फाचं पाणी झालं किंवा डोंगराची एखादी बाजू सुटली, की पाणी, माती, धोंडे, मोडलेली झाडं असं सगळं एक होऊन नदीच्या दरीतून खाली येतं. त्याला लाहार म्हणतात. पुराचं पाणी नव्हे ते. स्लॅब टाकताना मिक्सरमधून जो माल पडतो तो आठवा, आणि तो दरी भरून मोटारीच्या वेगाने येतोय असं समजा. त्यात पोहता येत नाही आणि माळ्यावर चढून भागत नाही. धोक्याचा भोंगा झाला की दरीच्या कडेच्या टेकाडावर वेळेत चढायचं, एवढा एकच उपाय आहे.

मी अमेरिकेतच, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात, भूशास्त्रात मास्टर्स केलं आणि तिथून थेट या कामात आले. आमची कंपनी लहान होती आणि कामाचे दोन भाग होते. पहिला मला आवडायचा. नदीचे काठ खरवडायचे, नव्या घरांचे पाये खणले जात तिथे जाऊन खड्ड्यात उतरायचं, आणि जुना चिखल कुठवर आला होता ते बघायचं. दुसरा भाग पायी चालण्याचा. नकाशावर लाल, नारिंगी, पिवळा असे रंग भरून झाले की त्या रंगांतली माणसं किती वेळात वर पोचतील ते काढायचं. हे कॉम्प्युटरवर करता यायचं, पण कॉम्प्युटरमधला माणूस कायम तिशीतला, धडधाकट आणि रिकाम्या हातांचा. मी भांडून प्रत्यक्ष चालायची परवानगी काढली. म्हातारी माणसं, बाबागाडीवाल्या आया, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले गृहस्थ, अशांना बरोबर घेऊन मी घड्याळ लावून चालायचे. माझी बॉस, साठीची, काटक बाई, कौतुकाने म्हणायची की तुझ्यासारखी हट्टी मुलगी मी पाहिली नाही. माझ्या घरी हेच वाक्य कौतुकाने म्हणत नसत.

तर अशी मी, आणि माझ्या सख्ख्या दादाने घर घेतलं ते लाल रंगात.

दादा रेडमंडच्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. लग्न, एक मुलगी, दुसरं बाळ वाटेवर. अपार्टमेंट पुरेना. एका रविवारी त्याने मला दरीतल्या नव्या वसाहतीत नेलं. मागे अंगण, पुढे नदीचा आवाज, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत अख्खा डोंगर.

"काय व्ह्यू आहे ना?" तो म्हणाला.

"दादा, तो व्ह्यू दिसतोय याचा अर्थ तोही तुला बघतोय. हा रेड झोन आहे."

"अगं, रेडमंडमध्ये टाउनहाऊससुद्धा अफोर्ड होत नाही यार. आणि एवढे लोक राहतायत ते काय वेडे आहेत? स्कूल आहे, फायर स्टेशन आहे. तुला जिकडेतिकडे मरण दिसतं."

"मला दिसत नाही, मी मोजते."

"मग मोज. इथून वर जायला किती मिनिटं लागतात ते सांग."

तो हे रागाने म्हणाला, पण मी खरंच मोजलं. दाराशी उभी राहून घड्याळ लावलं आणि टेकाडाच्या पायवाटेने वर गेले. भोंग्यानंतर चिखल इथवर पोचायला जेवढा लागेल त्यातून वेळ उरत होता. मग मला विरोध करायला तोंड राहिलं नाही. दादाने ते घर घेतलं आणि मी वरच्या पठारावर, दरीच्या कडेपासून जरा आत, दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. दरीतलं काम असल्याने मला तो सोयीचा होता. दादाला मात्र वाटलं मी त्याला टोमणा मारतेय.

त्याच वर्षी बाबा गेले. आई ग्रीन कार्डावर दादाकडे राहायला आली आणि तिच्यामागोमाग घरचा गणपतीही आला. साताऱ्याला आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असायचा, तो आता अमेरिकेत. मी एकदा सहज म्हणून गेले, माझ्याकडे बसवू का? आई म्हणाली, "मुलीकडे कसा गं? गणपती मोठ्या मुलाकडे असतो." ती हे दुखवायला म्हणाली नव्हती. ती भात कसा करायचा हे सांगते त्याच आवाजात म्हणाली होती. पण मला लागलं, आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही.

पहिल्या वर्षी दादाने सिअ‍ॅटलच्या दुकानातून प्लॅस्टरची मूर्ती आणली. आईने तिच्यावर नखाने टकटक करून पाहिलं आणि "ही माती नव्हे" एवढंच म्हणाली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००५च्या उन्हाळ्यात, दादाने मुलीच्या झोक्याचे खांब रोवायला मागच्या अंगणात खड्डे खणले. त्या दिवशी आईचा मला फोन आला. तिचा इतका खूश आवाज मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता.

"अगं, काय माती निघाली आहे! शाडूपेक्षा मऊ. नुसता गोळा केला तरी बोटाचा ठसा उमटतोय. यंदा गणपती मी घरीच करते. तू ये बघायला."

मी गेले. आई ओट्यापाशी उभी राहून परातीत माती मळत होती. पिवळसर, घट्ट, लोण्यासारखी चिकण माती. बाजूला तिने वेचून काढलेले खडे ठेवले होते, सगळे टोकदार, कंगोरे असलेले, नदीच्या गोट्यांसारखे गोल नव्हेत. खड्यांशेजारी जुन्या लाकडाची एक काळी ढलपी.

मी एक खडा उचलून बोटांत फिरवला. ही माती मी नदीकाठच्या दरडींतून पन्नास वेळा पाहिली होती. तिचा अर्थ मला पाठ होता. डोंगराच्या पोटातली गरम वाफ आणि आंबट पाणी वर्षानुवर्षं दगड सडवत राहतात, आणि सडलेल्या दगडाची अशी चिकण माती होते. डोंगराची एखादी बाजू आतून अशी पोखरली की ती एक दिवस सुटते. त्यासाठी उद्रेक व्हावा लागत नाही. आधी धूर नाही, हादरे नाहीत, टीव्हीवर बातमी नाही. या मातीचा थर दादाच्या अंगणात होता म्हणजे पूर्वी केव्हातरी तसं झालं होतं आणि ते इथवर आलं होतं.

मी आईला हे सगळं सांगितलं. ती मळता मळता ऐकत होती.

"म्हणजे हा डोंगरच इथे आला होता म्हण की."

"हो."

"आणि आपल्या साताऱ्याचे डोंगर? तूच म्हणायचीस ना, तेही ज्वालामुखीचेच."

"ते कधीच थंड झालेत आई. हा नाही झाला."

तिने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माती मात्र चांगली दिली हो त्याने." मी हात टेकले.

पण त्या दिवसापासून मला एकच चिंता लागली. दरीतल्या हजारो माणसांचं मी कामाच्या वेळात बघत होते, पण माझा जीव टांगणीला लागला तो आईसाठी. दादा आणि वहिनी तरुण होते. पुतणीच्या शाळेत तर मुलांना ओळीने टेकाडावर चढायची सवयच करून घेत. आई एकोणसत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. आगाऊ इशारा मिळाला नाही, नुसता भोंगा झाला, तर ती वर पोचेल का?

मी तिला चालायला लावलं. साडी, कॅनव्हासचे बूट आणि वर दादाचं जुनं जाकीट, अशी ती माझ्याबरोबर टेकाड चढली. मध्ये दोनदा थांबली. एका बाकावर बसून समोरच्या बाईशी हिंदीत बोलली, आणि त्या अमेरिकन बाईने इंग्रजीत उत्तर दिलं, दोघींचं बरं जमलं. वर पोचलो तेव्हा मी घड्याळ पाहिलं. पुरत होतं. जेमतेम, पण पुरत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला दोन नियम पढवले. भोंगा झाला की काही न घेता निघायचं, आणि एकदा वर आलेल्याने कुणासाठीही खाली जायचं नाही. दुसरा नियम आमच्या पत्रकातही होता, तो मीच लिहिला होता. आईने दोन्ही म्हणून दाखवले.

गणपती सुरेख झाला. वीतभर उंच, जरासा उजवीकडे कललेला, रंग म्हणून नुसती हळद आणि गेरू. डोळे आईने काडीने काढले होते. आरतीला रेडमंडहून दादाचे मित्र आले, त्यांच्या मुलांनी मोदकांना डम्पलिंग म्हटलं, आईने त्यांना दोन दोन जास्त वाढले.

तिसऱ्या दिवशी मी आणि बॉस टेकाडावर होतो. पायवाटेवरच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या होत्या, त्या बघत होतो. महिन्यातून एकदा भोंग्याची चाचणी व्हायची, पण तो दिवस चाचणीचा नव्हता. त्यामुळे दरीत भोंगा सुरू झाला तेव्हा आम्ही दोघींनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग डोंगराकडे. डोंगर ढगात होता.

बॉस रेडिओवर बोलायला लागली. पलीकडून नीट उत्तर येईना. खाली दारं उघडत होती, माणसं निघत होती, आणि मला मान्य करायला हवं की ती चांगली निघत होती. शाळेची रांग तर सुतात चालत होती. त्या रांगेतून माझी पुतणी वर आली. तिच्या मागोमाग बाळाला कडेवर घेऊन वहिनी, घामाघूम. दादा रेडमंडला ऑफिसात होता.

"आई कुठे?" मी विचारलं.

"आई येत नाहीयेत," वहिनी धापा टाकत म्हणाली. "किती रिक्वेस्ट केली! मलाच ढकलून बाहेर काढलं."

पुतणी म्हणाली, "Somebody has to stay with Bappa. Aaji said."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात गणपती बसलेला असताना घराला कुलूप लावत नाहीत. कुणीतरी घरी लागतंच. आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती जागची हलवत नाहीत, तेव्हा बरोबर आणायचीही सोय नाही. लहानपणापासून हे मला माहीत होतं. सबंध महाराष्ट्राला माहीत आहे. मी आईचं चालणं मोजलं, थांबणं मोजलं, बाकावरच्या गप्पासुद्धा मोजल्या. ती घरातून निघेल की नाही हे माझ्या गणितात कुठे नव्हतंच.

मी फोन लावला. दुसऱ्या घंटेला उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?" आवाज एकदम निवांत.

"आई, तू अजून घरात?"

"घरातच असणार ना. भोंगा केवढा मोठा आहे गं! सूनबाईला पाठवलं बाळाला घेऊन. पोचली का?"

"पोचली. तू नीघ. दार उघडं टाक आणि नीघ."

"अगं, गणपती बसलेत. घर टाकून कसं यायचं? तू काळजी करू नकोस. मी आहे घरी."

"आई, आज टेस्ट नाहीये. हे खरं आहे."

भोंगा मला दोनदा ऐकू येत होता, एकदा हवेतून आणि एकदा फोनमधून, किंचित मागून.

"खरं असेल तर तू खाली येऊ नकोस," ती म्हणाली. "वर आलेल्याने खाली यायचं नाही. तूच सांगितलंस." आणि तिने फोन ठेवला.

मी पायवाटेकडे वळले तशी बॉसने मागून माझं जाकीट धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. सुटून जायला मला जोर करावा लागला असता, आणि मी केला नाही. नियम माझाच होता. मी तिथे उभी राहिले आणि दादाच्या घराच्या छपराकडे बघत राहिले. आयुष्यात मी इतकी कधीच घाबरले नव्हते. नदी वरच्या वळणावर जिथे दिसते तिथे बघायचं मला धाडस होत नव्हतं.

मग भोंगा थांबला. रेडिओवर निरोप आला की यंत्रणेत बिघाड झाला होता, डोंगराला काहीही झालेलं नाही. माणसं हसली, काही चिडली, कुणीतरी मुलांना बिस्किटं वाटली. मी मात्र एका दमात खाली उतरले.

आई दारातच उभी होती. आत समई लावलेली, गणपतीपुढे ताज्या दूर्वा. मी तिला नाही नाही ते बोलले. तुला आमच्यापेक्षा ती मातीची मूर्ती जास्त आहे का, असंही बोलले, आणि हे बोलताना मी हमसून रडत होते. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"झालं बोलून? घे, प्रसाद घे."

तिने वाटी पुढे केली. मी तिचा हात धरला.

"मला काय भीती वाटली नाही असं वाटतं का तुला?" ती म्हणाली. "खूप वाटली. चप्पल घालून दोनदा दारापर्यंत आले. पण मागे वळून पाहिलं की तो एकटा बसलेला. पाहुणा घरात ठेवून पळायचं कसं, सांग. पाय निघाला नाही गं."

मी खाली बसून प्रसाद खाल्ला.

दादाने त्या आठवड्यात एका गुरुजींना फोन केला. ते एरवी डेटाबेसचं काम करत आणि शनिवार-रविवारी पूजा सांगत. ते म्हणाले, काकूंना सांगा, संकटाच्या वेळी अक्षता वाहून मूर्ती उचलली तरी चालतं, काही दोष नाही. आईने मान डोलावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तो कॉम्प्युटरवाला सांगतोय ते बरोबरच असेल. पण त्या वेळी माझ्या हातून ते होणार नाही. मला माझं माहितीये."

विसर्जन मागच्या अंगणात बादलीत केलं. प्लॅस्टरचा गणपती आदल्या वर्षी बादलीत जसाच्या तसा राहिला होता, हा सकाळपर्यंत विरघळला. आईने ते पाणी गुलाबांना घातलं आणि खाली बसलेली माती डब्यात भरून ठेवली.

ऑफिसात मी आमच्या गणितात घरातून निघायला लागणारा वेळ घालायला लावला. घरोघर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की प्रत्येकाचं काही ना काही अडकलेलं असतं. कुणाची मांजर पलंगाखाली बसते, एक गृहस्थ अंथरुणाला खिळलेल्या बायकोला सोडून निघणार नव्हते. बऱ्याच घरांना आम्ही पूर्वी पुरेल म्हटलेला वेळ आता पुरत नव्हता. आमचा अहवाल त्यामुळे उशिरा गेला आणि कुणाला फारसा आवडला नाही. पण तो खरा होता.

पुढच्या वर्षी श्रावणात आई माझ्याकडे आली होती. भिंतीवर दरीचा मोठा नकाशा लावलेला होता. चष्मा चढवून ती त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"दादाचं घर लालमध्ये. हो ना?"

"हो."

"आणि हे तुझं? याला कुठला रंग?"

"याला रंग नाही आई. इथवर ते येत नाही."

"मग गणपती यंदा इथे बसवू," ती म्हणाली आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मुलीकडे?"

"एरवी भोंगा झाला तर मी चप्पल घालून निघेन, तू चालवलंस तशी. ते पाच दिवसच माझे पाय निघत नाहीत. मग ते पाच दिवस मी वरच असलेली बरी. यात मुलगा-मुलगी कुठे आली?"

दादाला वाईट वाटलं. ते त्याने लपवलंही नाही. "आई, लोक काय म्हणतील? मी मोठा आहे." आई म्हणाली, "वर्षभर मी तुझ्याकडेच असते की. ते पुरत नाही होय तुला?" दादाने मातीचा डबा गाडीत घातला आणि स्वतः माझ्या जिन्याने वर आणून दिला. त्याचं घर अजून तिथेच आहे, लाल रंगात. त्यावर माझं आणि त्याचं भांडण पुढेही चालू राहिलं.

आईने त्याच मातीची मूर्ती केली. माझ्याकडे पाट नव्हता, म्हणून खोक्यावर पांढरा टॉवेल घालून बसवली. तिसऱ्या दिवशी मला दरीत जायचं होतं. नदीकाठची एक दरड कोसळून आतले जुने थर उघडे पडले होते, ते इथला हिवाळी पाऊस लागायच्या आत बघायला हवे होते. मी बूट हातात घेऊन दारात घुटमळत होते. माझं घर, माझ्याकडचा गणपती, आणि कुलूप लावायचं नाही.

"सुट्टी टाकू का गं आजची?" मी विचारलं.

आई वाती वळत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"कशाला? तू जा कामाला. मी आहे घरी."